बापाचं कर्ज, लेकीची सुई

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)



लंडनमध्ये थेम्स नदीच्या दक्षिण काठावर साउथवर्क नावाचा जुना भाग आहे. तिथल्या बरो हाय स्ट्रीटवरून आत वळलं की एक अरुंद बोळ लागतो. त्या बोळाच्या कडेला विटांची एक उंच भिंत उभी आहे. ही भिंत किल्ल्याची नाही की कुणा सरदाराच्या वाड्याची नाही. ती मार्शलसी तुरुंगाची आहे. तुरुंग १८४२ मध्ये बंद झाला, इमारती गेल्या, भिंतीचा हा तुकडा तेवढा राहिला. या भिंतीआड डांबलेली बहुतेक माणसं चोर नव्हती, दरोडेखोर नव्हती. त्यांचा गुन्हा एकच होता. घेतलेले पैसे त्यांना फेडता आले नव्हते.

आज मला बोलायचं आहे ते या भिंतीविषयी, तिच्या सावलीत जन्मलेल्या एका कादंबरीविषयी आणि त्या कादंबरीवरून १९८७ मध्ये निघालेल्या एका चित्रपटाविषयी. कादंबरी चार्ल्स डिकन्सची, ‘लिटल डॉरिट’. चित्रपटाचं नाव तेच, दिग्दर्शिका क्रिस्टीन एडझार्ड. डिकन्सच्या कथांवर मूकपटांच्या काळापासून कितीतरी चित्रपट निघाले. पण घरावर कर्ज चढलं की ते त्या घरात नेमकं कोण फेडतं, हा प्रश्न या चित्रपटाइतक्या शांतपणे आणि इतक्या नेमकेपणानं दुसऱ्या कुणी विचारल्याचं मला ठाऊक नाही.

आधी त्या तुरुंगाची रीत समजून घेऊ. त्या काळच्या इंग्लंडात सावकार, दुकानदार, शिंपी, बेकरीवाला, ज्याचं कुणाचं देणं थकलं असेल त्याला कोर्टाच्या मार्फत देणेकऱ्याला पकडून आत टाकता येई. देणं फिटलं तर सुटका, घेणेकरी राजी झाला तर सुटका, नाहीतर दिवाळखोरीच्या कोर्टापुढं उभं राहून सुटका. तोवर आतच राहायचं. आता गंमत पाहा. माणूस आत अडकला की त्याची कमाई थांबली. कमाई थांबली की कर्ज फिटणार कसं? वर तुरुंगातही खोलीचं भाडं लागे, कोळसा लागे, पोटाला लागे. म्हणजे कर्जापायी आत गेलेला माणूस आत बसून नवं कर्ज करी. ही व्यवस्था पैसे वसूल करण्यासाठी होती असं म्हणतात, पण तिच्यात वसुलीची वाटच बंद केलेली होती.

आणखी एक गोष्ट होती. कर्जदाराची बायकामुलं त्याच्याजवळ येऊन राहू शकत. त्यांच्यावर गुन्हा नसे. दिवसा त्यांनी बाहेर जावं, काम करावं, बाजार करावा आणि रात्री दहाच्या सुमाराला फाटकाला कुलूप लागायच्या आत परत यावं. बाहेरची खोली सोडावी लागली, सामान विकलं गेलं, की बिऱ्हाड तुरुंगातच थाटायचं. तिथं मुलं जन्मत, वाढत. तुरुंगाचं घर होई आणि घराचा तुरुंग.

१८२४ च्या फेब्रुवारीत या मार्शलसीत जॉन डिकन्स नावाचा एक कारकून दाखल झाला. आरमाराच्या पगार खात्यात त्याची नोकरी होती. माणूस बोलका, दिलदार, हात सैल. एका बेकरीवाल्याचे ४० पौंड १० शिलिंग त्याच्याकडे थकले होते. काही आठवड्यांतच घरातली पुस्तकं, खुर्च्या, भांडी गहाण पडली किंवा विकली गेली आणि बायको धाकट्या मुलांना घेऊन तुरुंगातच राहायला गेली. थोरला मुलगा चार्ल्स मात्र बाहेर राहिला. बूटपॉलिश बनवणाऱ्या एका कारखान्यात त्याला कामाला लावलं होतं. बाटल्यांवर कागद बांधायचा, दोरी आवळायची, लेबल चिकटवायचं. पगार आठवड्याला ६ शिलिंग. चार्ल्सचं वय तेव्हा १२ वर्षांचं होतं.

एक साधा हिशेब करून पाहू. पौंडाचे २० शिलिंग. म्हणजे ४० पौंड १० शिलिंगांचे झाले ८१० शिलिंग. आठवड्याला ६ शिलिंग मिळवणाऱ्या त्या पोरानं एक घासही न खाता सगळा पगार बापाच्या कर्जात घातला असता, तरी ते फिटायला १३५ आठवडे, म्हणजे अडीच वर्षांहून जास्त काळ लागला असता. अर्थात बाप त्याच्या पगारातून सुटला नाही. सुमारे तीन महिन्यांनी दिवाळखोरीच्या कायद्याचा आधार घेऊन जॉन डिकन्स बाहेर आला. बाप सुटला, तरी पोराची कारखान्यातून लगेच सुटका झाली नाही. पुढं बापानंच त्याला तिथून काढलं, तेव्हा आईचं म्हणणं होतं की त्याला परत पाठवावं. ही गोष्ट चार्ल्स डिकन्स जन्मभर विसरला नाही.

विसरला नाही, पण बोललाही नाही. इंग्लंडातला सर्वांत लोकप्रिय लेखक झाल्यावरही त्यानं ही हकीकत आपल्या मुलांना सांगितली नाही. जॉन फॉर्स्टर या मित्राला तेवढं त्यानं विश्वासात घेतलं. १८७० मध्ये डिकन्स गेला आणि त्यानंतर फॉर्स्टरनं लिहिलेलं चरित्र प्रसिद्ध झालं, तेव्हा कुठं जगाला कळलं, की ज्याच्या कादंबऱ्यांतल्या अनाथ पोरांसाठी आपण रडलो तो त्यांच्यातलाच एक होता. कर्जाचा हा गुण सगळीकडे सारखा आहे. पैसे फिटतात, पण लाज घरात वारसाहक्कानं मुक्काम करते.

ही न बोललेली गोष्ट त्याच्या लिखाणात मात्र पुनःपुन्हा डोकावत राहिली. ‘पिकविक’मध्ये फ्लीट नावाचा कर्जदारांचा तुरुंग येतो. ‘डेव्हिड कॉपरफिल्ड’मधले मिकॉबर हे गृहस्थ म्हणजे बरेचसे त्याचे वडील, आणि ते किंग्ज बेंच तुरुंगात जातात. तिथं मिकॉबरना पाहून आपण हसतो. १८५५ च्या डिसेंबरपासून १८५७ च्या जूनपर्यंत महिन्याच्या महिन्याला निघालेल्या ‘लिटल डॉरिट’मध्ये मात्र डिकन्स थेट मार्शलसीत शिरला, तेव्हा हसू मावळलं होतं. आणि त्यानं एक विलक्षण गोष्ट केली. बापासाठी राबणारं मूल त्यानं मुलगा म्हणून रंगवलं नाही. ते दुःख त्यानं एका मुलीच्या ओटीत घातलं.

तिचं नाव एमी. विल्यम डॉरिट या कर्जदाराची ही धाकटी लेक तुरुंगातच जन्मली. बाप वीस वर्षांहून अधिक काळ आत आहे. इतका काळ, की सगळ्यांत जुना कैदी म्हणून त्याला ‘मार्शलसीचा पिता’ असा किताब मिळाला आहे. नव्यानं येणारे कैदी त्याला मुजऱ्याला येतात, जाताना हातावर काही नाणी ठेवतात. ती भीक आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे. डॉरिट मात्र तो नजराणा समजून स्वीकारतो. त्याच्या अंगावरचे कपडे विरले आहेत, पण ताठा गेलेला नाही.

हा ताठा टिकवायचा खर्च कोण करतं? एमी. शिवण शिकवणारी एक बाई कर्जापायी तुरुंगात येते. तेव्हा ही एवढीशी पोर तिच्याकडे जाऊन, मला शिकवा म्हणून गळ घालते. तुरुंगात आलेल्या एका नृत्यशिक्षकाला गाठून आपल्या थोरल्या बहिणीला नाच शिकवायला लावते. भावासाठी नोकऱ्या शोधते. भाऊ त्या सोडून येतो आणि ही पुन्हा शोधते. मग रोज सकाळी आठ ते रात्री आठ मिसेस क्लेनम नावाच्या एका कर्मठ, श्रीमंत बाईच्या घरी शिवणकामाला जाते. तिथं मिळालेलं जेवण ती सर्वांसमोर खात नाही. गुपचूप बाजूला ठेवते आणि रात्री बापापुढं वाढते. बाप ते खातो. लेक कामाला जाते हे मात्र त्याला ठाऊक नाही. म्हणजे ठाऊक नसल्याचं सोंग तो वठवतो, आणि ते सोंग निभावून नेण्याचं कामही पोरीकडेच आहे. सभ्य गृहस्थाची मुलगी रोजंदारीवर जाते असं कसं चालेल?

कादंबरीत एक प्रसंग आहे. तुरुंगाच्या पहारेकऱ्याचा मुलगा एमीवर जीव लावून बसला आहे. तिच्या मनात तसं काही नाही. पहारेकरी थोडा नाराज झालेला दिसतो. तेव्हा बाप आडून आडून लेकीला सुचवतो, की त्या मुलाला अगदीच तोडून टाकू नकोस, थोडं गोड बोलत राहा, म्हणजे माझे इथले दिवस बरे जातील. बोलून झाल्यावर त्याला स्वतःचीच किळस येते आणि तो रडू लागतो. मग त्याला जवळ घेऊन समजावायचं कुणी? एमीनंच. कर्ज माणसाला कुठवर खाली नेतं, हे मी साहित्यात अनेक ठिकाणी वाचलं आहे. पण ज्याच्यामुळं आपला अपमान झाला त्याचेच डोळे पुसणारी ही मुलगी वाचताना हात थांबतो.

आता चित्रपटाकडे येऊ. जवळजवळ आठशे पानांची ही कादंबरी दोन-अडीच तासांत बसवायची तर तिचं भरीत व्हायचं. एडझार्डबाईंनी ते टाळलं. त्यांनी सुमारे तीन तासांचा एक असे दोन चित्रपट केले. पहिल्याचं नाव ‘नोबडीज फॉल्ट’, म्हणजे ‘कुणाचाच दोष नाही’. दुसऱ्याचं नाव ‘लिटल डॉरिट्स स्टोरी’, म्हणजे ‘लिटल डॉरिटची गोष्ट’. गोष्ट एकच, पण दोनदा सांगितलेली. पहिल्या भागात ती आर्थर क्लेनमच्या डोळ्यांनी दिसते. आर्थर हा त्या कर्मठ मिसेस क्लेनमचा मुलगा, चाळिशीचा, चांगल्या मनाचा, वीस वर्षं चीनमध्ये काढून परतलेला. ही भूमिका डेरेक जॅकोबी यांनी केली आहे. दुसऱ्या भागात तोच काळ एमीच्या डोळ्यांनी, थेट तिच्या जन्मापासून. एमी झालेल्या सारा पिकरिंग या तरुणीची ही पहिलीच चित्रपट भूमिका.

‘कुणाचाच दोष नाही’ हे नाव चित्रपटवाल्यांनी शोधून काढलेलं नाही. कादंबरी लिहायला घेतली तेव्हा डिकन्सनं आधी तेच नाव ठरवलं होतं. त्या नावात राग भरलेला आहे. ते दिवस क्रिमियाच्या युद्धाचे होते. सैनिक थंडीनं आणि रोगराईनं मरत होते, सरकारी खाती एकमेकांकडे बोट दाखवत होती आणि चौकशी केली की उत्तर एकच, दोष कुणाचाच नाही. कादंबरीतलं ‘सर्कमलोक्यूशन ऑफिस’ त्यातूनच आलं. तिथं अर्ज फिरत राहतो, सही होत नाही, आणि कुठलंही काम न होऊ देणं हेच खात्याचं काम असतं. डॉरिटचं कर्ज नेमकं किती, कुणाचं, हे विचारायला आर्थर त्या कचेरीत खेटे घालतो. उत्तर मिळत नाही. कादंबरीत मर्डल नावाचा एक बडा सावकार आहे. सारं लंडन त्याच्या पायाशी लोळतं आणि शेवटी त्याची पेढी म्हणजे नुसता फुगा होता असं निघतं. त्याच्या मागंही खरा माणूस होता. जॉन सॅडलियर या खासदारानं एक बँक बुडवून १८५६ च्या फेब्रुवारीत आत्महत्या केली होती. बर्नार्ड शॉ यांचं मत होतं, की मार्क्सच्या ‘कॅपिटल’पेक्षा ही कादंबरी जास्त बंडखोर आहे.

हा पहिला भाग पाहताना आपण आर्थरबरोबर हिंडतो. कचेऱ्या पाहतो, पेढ्या पाहतो, मोठ्या माणसांची जेवणं पाहतो. एमीही दिसते, पण कोपऱ्यात, खाली मान घालून शिवत बसलेली. आर्थर दयाळू आहे, तिला मदत करायला धडपडतो, तिला लाडानं पोर म्हणतो. पण त्याला ती दिसत नाही. आणि खरं सांगायचं तर आपल्यालाही दिसत नाही. तीन तास संपतात तेव्हा वाटतं, गोष्ट कळली.

मग दुसरा भाग सुरू होतो आणि आपल्या लक्षात येतं की गोष्ट अजून सुरूच झाली नव्हती. पहिल्या भागात आर्थर ज्या दारातून आत येतो, त्या दारात तो येईपर्यंत या मुलीनं दिवसभर काय काय केलेलं असतं ते आता दिसतं. त्याच खोल्या, तीच माणसं, काही प्रसंगही तेच. पण आता आपल्याला ठाऊक आहे की खाली मान घातलेली ती मुलगी काय ऐकते आहे आणि काय गिळते आहे. एखाद्या घरात पाहुणा म्हणून जावं आणि मग त्याच घरात सून म्हणून जावं, असा हा फरक आहे. दिग्दर्शिकेनं यात कुठंही भाषण केलेलं नाही. कॅमेरा तेवढा खोलीच्या दुसऱ्या बाजूला नेऊन ठेवला आहे.

हा चित्रपट बनला त्या जागेचीही एक हकीकत आहे. एडझार्ड आणि त्यांचे पती, निर्माते रिचर्ड गुडविन, यांनी थेम्सच्या त्याच दक्षिण काठावर, मार्शलसीच्या पूर्वेला रॉदरहाइथ इथं एका जुन्या गोदामात सँड्स फिल्म्स हा आपला स्टुडिओ उभारला होता. सगळं लंडन त्यांनी गोदामात उभं केलं. तुरुंगाचं अंगण, पेढ्या, गल्ल्या, रंगवलेले पडदे, छोट्या प्रतिकृती. दोनशेहून अधिक बोलती पात्रं. त्या सर्वांचे कपडे यंत्रावर न शिवता त्या काळच्या रीतीनं हातानं शिवलेले. कादंबरीच्या काळात एमीच्या हातात यंत्र नव्हतं, सुई होती. म्हणजे शिवणाऱ्या मुलीची गोष्ट सांगण्यासाठी आधी कित्येक हात सुई-दोरा घेऊन बसले. पडद्यावर एमी टाके घालते तेव्हा तिच्या अंगावरच्या झग्याचे टाकेही कुणीतरी तसेच घातलेले असतात.

विल्यम डॉरिटच्या भूमिकेत ॲलेक गिनेस आहेत. १९४६ च्या ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’मध्ये ते तरुण हर्बर्ट झाले होते आणि १९४८ च्या ‘ऑलिव्हर ट्विस्ट’मध्ये फॅगिन. ‘लिटल डॉरिट’साठी ते डिकन्सच्या जगात परत आले तेव्हा सत्तरी ओलांडलेली होती. त्यांच्या डॉरिटचा राग येतो आणि त्याच क्षणी त्याची कीवही येते. नाणं घेताना नजर भलतीकडे लावायची आणि हात मात्र अचूक पुढं करायचा, ही त्या माणसाची सारी शोकांतिका आहे. पुढं अनपेक्षित वारसा मिळून डॉरिट श्रीमंत होतो, तुरुंगातून मिरवणुकीनं बाहेर पडतो, इटलीला जातो आणि घरात मार्शलसीचं नाव काढायला बंदी घालतो. पण रोममधल्या एका बड्या मेजवानीत त्याचं भान हरपतं. समोरच्या प्रतिष्ठितांना तो आपले तुरुंगातले सोबती समजतो आणि मार्शलसीचा पिता म्हणून त्यांचं स्वागत करू लागतो. भिंत लंडनमध्ये नव्हतीच, ती त्याच्या आत होती. या भूमिकेसाठी गिनेस यांना आणि पटकथेसाठी एडझार्ड यांना ऑस्करची नामांकनं मिळाली. ऑस्कर मिळालं नाही. लॉस एंजेलिसच्या समीक्षकांनी मात्र १९८८ चा उत्कृष्ट चित्रपट म्हणून याचीच निवड केली.

टीकाही झाली. राफाएल सॅम्युएल या इतिहासकारांचा आक्षेप होता, की डिकन्सच्या लंडनमधला अंधार या चित्रपटात धुऊन निघाला आहे. कादंबरीतला रिगो नावाचा खुनी चित्रपटातून गाळला आहे, हे खरं. त्याच्याबरोबर बरंच भय आणि रहस्य गेलं. माझं मत थोडं वेगळं आहे. खलनायक असला की दोष देण्याची सोय होते. एडझार्डबाईंनी खलनायक काढून टाकला आणि राहिला तो फक्त हिशेब. सगळे आपापल्या परीनं बरे, बाप प्रेमळ, आर्थर सज्जन, कायदा जसा असतो तसा, आणि तरी एका मुलीचं सगळं बालपण जळून गेलं. ‘कुणाचाच दोष नाही’ या नावातली धार त्यामुळं उलट वाढली.

कायद्याचं पुढं काय झालं? डिकन्स गेला त्याच्या आदल्या वर्षी, १८६९ मध्ये, इंग्लंडात नवा कायदा झाला आणि कर्जासाठी कैद सर्वसाधारणपणे बंद झाली. पण फट ठेवलीच. ऐपत असून पैसे देत नाही असं कोर्टाला वाटलं तर सहा आठवड्यांपर्यंत कैद देता येई, आणि त्या फटीतून कामगारवर्गातले गरीब देणेकरी पुढं कित्येक वर्षं तुरुंगात जात राहिले.

इंग्रजांनी आपली कोर्टं जिथं जिथं नेली तिथं तिथं ही रीतही गेली. आपल्याकडेही आली. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावच्या बाजारात शेतकरी उठले आणि बघता बघता ते लोण पुणे-नगर भागात पसरलं. त्यांनी माणसं मारण्यापेक्षा सावकारांच्या घरातली कर्जखतं आणि हुकूमनामे बाहेर काढून जाळण्यावर भर दिला. चौकशी आयोग बसला आणि १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांचा कायदा झाला. पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांसाठी. पैशाच्या हुकूमनाम्यापायी शेतकऱ्याला अटक करायची नाही, कैदेत टाकायचं नाही, असं त्यात स्पष्ट कलम होतं. न्यायमूर्ती रानडे यांनी या कायद्याखाली विशेष न्यायाधीश म्हणून काम केलं. लंडनच्या भिंतीचा आणि सुप्याच्या होळीचा संबंध तो एवढा. आणि तो फार जुना समजू नका. दिवाणी कैदेचं कलम आपल्या दिवाणी प्रक्रिया संहितेत राहिलंच. १९८० मध्ये न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांना सर्वोच्च न्यायालयातून सांगावं लागलं, की केवळ गरिबीमुळं कर्ज फेडता आलं नाही म्हणून माणसाला तुरुंगात टाकता येणार नाही. त्यासाठी त्याच्या मनातला खोटेपणा सिद्ध झाला पाहिजे.

मी ज्या समाजात वाढलो तिथं जनाज्याच्या नमाजाआधी एक घोषणा होते. मरहूमकडे कुणाचं काही देणं राहिलं असेल तर त्यानं माफ करावं, किंवा वारसांना भेटावं. लहानपणी मला ती नुसती रीत वाटे. पुढं कळलं की तिच्यात दोन गोष्टी आहेत. देणं मेल्यानंही संपत नाही, ही एक. पण माफ करण्याची गोष्ट आधी बोलली जाते, ही दुसरी. देणेकरी अडचणीत असेल तर त्याला सवड द्यावी आणि सोडून दिलंत तर ते अधिक बरं, अशी कुराणाचीही शिकवण आहे. आणि देहूच्या तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत बुडवली, हे तर इथल्या पोराटोरांना ठाऊक आहे. मार्शलसीच्या व्यवस्थेत वसुली होती, बेअब्रू होती, कागद होते. नव्हती ती फक्त ही सवड.

कादंबरी संपत आली तेव्हा डिकन्स मार्शलसीची जागा पाहायला गेला. तुरुंग बंद होऊन पंधरा वर्षं होत आली होती. तिथं त्याला एक लहानसा मुलगा भेटला. आपल्या अंगाला न पेलणारं मोठं बाळ त्यानं कडेवर घेतलं होतं आणि त्या जागेची माहिती तो मोठ्या माणसासारखी सांगत होता. डिकन्सनं प्रस्तावनेत त्याची नोंद केली आहे. का केली ते त्यानं लिहिलेलं नाही. पण लेकरू कडेवर घेतलेलं लेकरू पाहून त्याला काय वाटलं असेल, हे आज आपल्याला कळू शकतं.

तुरुंगाच्या वहीत कर्जदाराचं नाव लिहिलं जाई, रक्कम लिहिली जाई, घेणेकऱ्याचं नाव लिहिलं जाई. जॉन डिकन्सची नोंद अशीच झाली. बाटल्यांवर लेबलं चिकटवणाऱ्या मुलासाठी त्या वहीत रकाना नव्हता. आपल्याकडच्या सात-बाऱ्यावर बोजा चढतो तो बापाच्या नावानं. शाळा सुटलेल्या मुलीसाठी, दुसऱ्याच्या रानात खुरपायला गेलेल्या बायकोसाठी त्या कागदावरही रकाना नसतो. इतिहास लिहिणारा वह्या वाचतो, म्हणून त्याला कर्जदार आणि सावकार दिसतात. एमी दिसायला कुणीतरी कादंबरी लिहावी लागते. आणि पहिल्या भागात आपल्यालाही ती दिसली नव्हती हे कळायला, तीच गोष्ट कुणीतरी पुन्हा एकदा, तिच्या बाजूनं सांगावी लागते.